ऑस्बोर्नचा दरबार



जुन्या वास्तू पाहण्याची हौस असणारा मनुष्य बहुधा झुंबरे आणि आरसे यांतच रमतो. इतिहासाची खरी ओढ असणारा मात्र घराला तीन प्रश्न विचारतो : हे कोणी बांधविले, कोणाच्या हातांनी सजविले आणि मालक गेल्यावर कोणी राखले? इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटावर असलेले ऑस्बोर्न हाउस या तिन्ही प्रश्नांना मोकळेपणाने उत्तर देते.

राणी व्हिक्टोरिया व तिचे पती आल्बर्ट यांनी ही जागा 1845 मध्ये घेतली. राजवाड्यातील शिष्टाचारापासून दूर, मुलाबाळांसह राहता येईल असे घर त्यांना हवे होते. समोरची खाडी पाहून आल्बर्टला नेपल्सच्या उपसागराची आठवण होई. म्हणून घराची धाटणी इटालियन ठरली. लंडनचे नामांकित बांधकाम-व्यावसायिक टॉमस क्युबिट यांच्या साहाय्याने 1851 पर्यंत मुख्य वास्तू पूर्ण झाली. तिच्या भिंती विटांच्या; वरून गिलावा असा की पाहणाऱ्यास दगडच वाटावा. बागेतील स्विस कॉटेजमध्ये राजपुत्र व राजकन्या स्वयंपाक शिकत, आपापल्या वाफ्यांत भाजी पिकवीत आणि ती भाजी आल्बर्ट बाजारभावाने विकत घेई. साम्राज्याच्या वारसांना श्रमाचे मोल शिकविण्याची ही रीत लक्षात राहण्याजोगी आहे.

आल्बर्ट 1861 मध्ये निवर्तला. पुढे मोठ्या मेजवान्यांसाठी हिरवळीवर तंबू ठोकावे लागत. ती अडचण दूर करण्यासाठी 1890 च्या सुमारास नवा दरबार-कक्ष बांधण्याचे ठरले. त्याच्या सजावटीसाठी लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्य लॉकवुड किपलिंग यांचा सल्ला घेण्यात आला. हे किपलिंग पूर्वी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवीत, क्रॉफर्ड मार्केटवरील शिल्पपट्ट आजही त्यांची साक्ष देतात. प्रत्यक्ष काम मात्र त्यांचे शिष्य भाई राम सिंग यांनी केले. पंजाबातील सुतारकाम करणाऱ्या घराण्यातला हा कलावंत 1891 मध्ये इंग्लंडात आला. छताची जाळीदार नक्षी, भिंतींवरील वेलबुट्टी, शेकोटीवरचा पिसारा फुलविलेला मोर, ही सारी त्याची कल्पकता. राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्याचे व्यक्तिचित्र काढवून घेतले, म्हणून तरी त्याचा चेहरा कळतो. त्याच्या हाताखाली साचे ओतणाऱ्या, नक्षी बसविणाऱ्या कामगारांचे चेहरे कोणी रंगविले नाहीत.

बडोद्याशी नाते असणाऱ्यांना येथे एक जुळणी सहज आठवेल. सयाजीराव महाराजांचा लक्ष्मीविलास राजवाडा 1890 मध्ये पूर्ण झाला. त्याचा आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाचा; 1881 मध्ये मँट वारल्यावर रॉबर्ट चिझम यांनी काम तडीस नेले. एकाच सुमारास इंग्रज माणूस हिंदी नरेशासाठी भारतीय घुमट व कमानी योजीत होता आणि पंजाबी माणूस इंग्रज राणीच्या दालनात मोर नाचवीत होता. मात्र ही देवघेव बरोबरीची नव्हती. एकीकडे राज्यकर्त्या समाजाचा तज्ज्ञ होता, दुसरीकडे अंकित देशाचा कारागीर. कक्षाचे सौंदर्य मान्य करतानाही हे विसरता येत नाही.

राणीने 22 जानेवारी 1901 रोजी याच घरात देह ठेवला. वारसांना या घराची ओढ नव्हती. सातव्या एडवर्डने 1902 मध्ये ते राष्ट्राला देऊन टाकले. तेथे आजारी अधिकाऱ्यांसाठी विश्रांतिगृह झाले, तर आवारात 1903 ते 1921 नाविक शाळा चालली. राणीच्या खाजगी खोल्यांची दारे मात्र 1954 पर्यंत जनतेला बंद होती. 1986 पासून इंग्लिश हेरिटेज ही संस्था वास्तूची देखभाल करीत आहे.

म्हणजे जे घर रक्ताच्या वारसांना नकोसे झाले, ते परक्यांनी राखले. ग्रंथालयाच्या सभासदांस यात नवल वाटू नये. शंभर वर्षांपूर्वी कोणी दिलेली पुस्तके दात्याच्या नातवंडांनी नव्हे, तर अनोळखी वाचकांनीच हाताळली, बांधून घेतली आणि पुढे सोपविली. वास्तू काय किंवा ग्रंथ काय, जो सांभाळतो तोच त्याचा वारस. मात्र सांभाळताना पहिल्या पानावरील दात्याच्या नावाबरोबर ते पुस्तक शिवणाऱ्या हातांचीही नोंद राहावी, एवढे भान ऑस्बोर्नचा तो मोर देऊन जातो.