रोजचे जिणे आणि रॅपचे गाणे



रॅप हा शब्द आता खेड्यापाड्यांतल्या मुलांनाही परका राहिलेला नाही. पारावर एका मोबाईलभोवती चार पोरे जमली, की ताल धरून झपाझप बोललेले, यमकांनी बांधलेले गाणे कानी पडते. तेच रॅप. वडीलधारे म्हणतात, "ह्याला ना सूर, ना विषय." पोरे म्हणतात, "आमचं रोजचं जगणं हाय ह्यात." निवाडा करण्यापूर्वी जरा इंग्लंडात डोकावू या, कारण हा वाद तिथेही झडला आहे.

रॅपचा उगम 1973 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. ब्रिटनच्या तरुणांनी आरंभी अमेरिकन उच्चारांची नक्कल केली. पुढे त्यांना स्वतःचा आवाज सापडला. बर्मिंगहॅमला वाढलेल्या माईक स्किनरने 2002 साली 'द स्ट्रीट्स' या नावाने पहिला गीतसंग्रह काढला. त्यात सोन्याच्या साखळ्यांचा तोरा नव्हता. होते ते मित्रांचे टोळके, दारूचा गुत्ता आणि रिकामा खिसा. पुढच्याच वर्षी पूर्व लंडनच्या वस्तीतला डिझी रास्कल अठराव्या वर्षी मर्क्युरी पारितोषिकाचा मानकरी ठरला. 2019 साली ते पारितोषिक डेव्ह या गायकाला मिळाले. त्याच्या संग्रहात घरच्या छळात सापडलेल्या एका बाईची कहाणी सुमारे अकरा मिनिटे चालते.

यावर मते दोन पडली. काहींना वाटले, चहा, बस आणि घरभाडे हे काय गाण्याचे विषय झाले? दुसरे म्हणाले, आमची गल्ली गाण्यात प्रथमच आली. आणखी एक आक्षेप अधिक गंभीर होता. 'ड्रिल' नावाच्या प्रकारात सुरीबाजीची भाषा येते, असे म्हणून लंडन पोलिसांनी काही चित्रफिती काढायला लावल्या. ही गोष्ट 2018 ची.

हिंसेची फुशारकी कोणी मारत असेल, तर तिला नावे ठेवावीत. शिवीगाळ ऐकून आईबापांना धास्ती वाटते, तीही खोटी नाही. पण 'विषय हलका' हा आक्षेप मात्र मराठी माणसाच्या तोंडी शोभत नाही. आपल्या आयाबायांनी जात्यावर काय गायिले? माहेर, सासर, दळण, पाऊसपाणी. बहिणाबाई चौधरींची कविता चूल आणि शेत यांतूनच उगवली. ती 1952 साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा जाणत्यांनी तिला डोक्यावर घेतले. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी मुंबईवर लावणी रचली, तीत श्रीमंती आणि दैन्य शेजारी शेजारी उभे केले. आणि आमचे कोल्हापूर तर लहरी हैदर, पिराजीराव सरनाईक यांच्यासारख्या शाहिरांचे गाव. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या कानाला तालावरची शब्दांची झुंज नवखी कशी वाटावी?

मुंबईच्या 'स्वदेशी' या तरुण मंडळींनी 2019 साली वारली आदिवासींच्या जंगल-जमिनीवर रॅप केले, त्यात आदिवासी गायकाचा आवाजही आहे. वाट जुनी, वाहन नवे, एवढेच.

मात्र चहाचे नाव घेतले म्हणजे काव्य झाले, असेही नव्हे. कपातल्या चहाबरोबर तो करणारीचे भाजलेले बोट दिसले पाहिजे. जे रोज पाहतो, पण ज्याकडे लक्ष जात नाही, ते दाखवील तेच गाणे. ही कसोटी ओवीला लावा, पोवाड्याला लावा, रॅपलाही लावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक विनंती आहे. ऊसतोडीच्या खोपीतून येणारे पोर वर्गात बसते. निबंधाला 'चांदणी रात्र' हाच विषय दिला, तर ते पाठ केलेली वाक्ये उतरवील आणि मनाशी ठरवील, की आपल्या आयुष्यात लिहिण्याजोगे काही नाही. हे नुकसान मोठे आहे. त्याऐवजी एस.टी. स्टँड, दूध संस्थेपुढची पहाटेची रांग, आईची मोळी यांवर त्याला आठ ओळी लिहायला सांगा. बोली त्याची राहू द्या. मग टाळी वाजवून मात्रा मोजायला शिकवा, यमक कुठे ओढूनताणून आणले ते दाखवा. खोटा शब्द आला तर खुशाल खोडा. घरचा शब्द मात्र खोडू नका.