चष्मा उतरविताना : साधे लेसर की मापाचे लेसर?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मूलसारख्या धानाच्या गावात लेसर शस्त्रक्रियेची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. परंतु आपली मुले पोलीस, वनरक्षक, रेल्वे, फौज अशा भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतात आणि मुलीच्या सोयरिकीत चष्म्याचा विषय हमखास निघतो, हे आपण सर्वजण जाणता. मग कोणीतरी सांगतो, नागपूरला जा, लेसर करून घ्या. तेथे दोन दर पुढे येतात. एक साध्या लेसिकचा, दुसरा 'कस्टमाइज्ड' म्हणजे त्याच डोळ्याच्या मापाने केलेल्या लेसिकचा. दुसरा दर जास्त. मुलीच्या डोळ्यांत काटकसर कशी करावी, असे म्हणून बाप धानाचे पैसे त्यात घालतो, नाही तर कर्ज काढतो. तो जादा पैसा नेमका कशाचा, हे आज सांगावयाचे आहे.

वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून आपल्याला दिसते, ही गोष्ट बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे मांडली. तो प्रकाश वळविण्याचे निम्म्याहून अधिक काम डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडदा करतो. शाळेच्या पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात. वजा नंबर असला की प्रकाश आतल्या पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो व दूरचे पुसट दिसते. पारपटल किंचित चपटे केले तर तो जागेवर येतो. लेसर एवढेच करते.

या शोधात एका भारतीयाचा हात आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. 1981 साली सणाच्या जेवणातील उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर त्यांनी एक्सायमर लेसरचा प्रयोग केला. आजूबाजूचा भाग न जळता सुबक काप पडला. या लेसरच्या एका ठिणगीने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही अंशच निघतो. पुढे 1999 च्या सुमारास मापाचे लेसर आले. त्याचे मोजमापाचे तंत्र खगोलशास्त्रज्ञांकडून घेतलेले आहे. वातावरणामुळे तारा लुकलुकतो, त्या दोषाचे माप घेऊन दुर्बिणीत सुधारणा करण्याची जी रीत आहे, तीच डोळ्याला लावली. डोळ्यांत प्रकाशाचा बारीक किरण सोडावयाचा, तो परत येताना कोठे कोठे वाकडा झाला त्याचा नकाशा काढावयाचा आणि त्या नकाशाप्रमाणे लेसर चालवावयाचे.

साधे लेसर नंबर आणि सिलिंडर सुधारते. सामान्य डोळ्यातील एकूण दोषांपैकी सुमारे नव्वद टक्के दोष हेच असतात. उरलेले बारीक दोष चष्म्याने जात नाहीत. रात्री बाहुली मोठी झाली म्हणजे समोरच्या ट्रकच्या दिव्याभोवती वलय दिसणे, ही त्यांची खूण. मापाचे लेसर या उरलेल्या दोषांसाठी आहे.

आता तुलना करू. ईदचा कुर्ता शिंप्याकडे शिवला तर चांगला बसतो, पण ज्याचा बांधा सरासरी आहे त्याला तयार कुर्ताही तितकाच बसतो. आजची साधी यंत्रेही जुन्यासारखी राहिलेली नाहीत. पारपटलाचा नैसर्गिक बाक राखण्याची सोय त्यांत आहे. त्यामुळे ज्याच्या डोळ्यात बारीक दोष मुळातच थोडे आहेत, त्याला तक्त्यावरच्या ओळी दोन्ही पद्धतींनी जवळजवळ सारख्याच वाचता येतात. दोष जास्त असतील तर मापाच्या लेसरचा रात्रीच्या दृष्टीला उपयोग होतो. म्हणून डॉक्टरांना विचारावे, 'साहेब, माझ्या मुलाच्या डोळ्यात हे बारीक दोष किती आहेत?' याचे उत्तर मिळाल्याशिवाय जादा दर देण्यात मला तरी शहाणपणा दिसत नाही. शिवाय डोळे कोरडे असतील तर मापच चुकते, आणि चुकीच्या मापाने शिवलेल्या कुर्त्यापेक्षा तयार कुर्ता बरा!

त्याहून मोठा प्रश्न जाडीचा आहे. पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे साधारण 540 मायक्रॉन जाड असते. लेसिकमध्ये वरची पापुद्र्यासारखी झडप सुमारे 110 मायक्रॉनची उचलतात. सहा मिलिमीटर रुंदीच्या भागात एक नंबर उतरविण्यास सुमारे 12 मायक्रॉन खर्ची पडतात. वजा सहा नंबर असेल तर 72 गेले. खाली 358 उरले, हरकत नाही. परंतु पारपटल 480 चे आणि नंबर वजा नऊ असेल तर 262 च उरतात. अडीचशेच्या खाली जाऊ नये असा संकेत आहे, आणि पुष्कळ डॉक्टर तीनशे राखतात. मापाच्या लेसरला बहुधा थोडे अधिक कोरावे लागते. म्हणजे काही डोळ्यांना महागडी पद्धतच अधिक गैरसोयीची! काहींचे पारपटल मुळातच पातळ होऊन शंकूसारखे पुढे येत असते. डोळे सतत चोळणाऱ्या मुलांत हे अधिक आढळते. अशा डोळ्यावर कोणतेही लेसिक करू नये. म्हणून शस्त्रक्रियेआधी पारपटलाचा नकाशा आणि जाडी यांची तपासणी झालीच पाहिजे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तितके दिवस ती आधी बंद ठेवावी, नाही तर नकाशा खोटा निघतो.

भरतीच्या मुलांनी एक गोष्ट नीट ऐकावी. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटसारख्या पदांना लेसिक झालेला उमेदवार चालत नाही. सैन्यातील काही भरतीत वय, शस्त्रक्रियेनंतरचा काळ आणि उरलेली जाडी यांच्या अटींवर चालतो. तेथे साधे की मापाचे, असा भेद नाही. नोकरीसाठी शस्त्रक्रिया करावयाची आणि त्या शस्त्रक्रियेनेच नोकरी जावयाची, असे होऊ नये. आधी जाहिरातीतील वैद्यकीय अटी वाचा, मग नागपूरची गाडी धरा.

वडीलधाऱ्यांसाठी एवढेच, की ज्याला आपण चाळिशी म्हणतो तो जवळचा चष्मा या लेसरने टळत नाही. तरुणपणी नंबर उतरविला तरी पुढे बारीक अक्षरांच्या कुरआनसाठी तो लागणारच.

अठरा वर्षांखालील मुलांचा नंबर वाढत असतो. तो वर्षभर स्थिर राहिल्याशिवाय लेसरचा विचारच नको. तोवर चष्मा, आणि तो रोज. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, त्यातून गरजू शालेय मुलांना चष्मे मोफत मिळतात. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येईल त्या दिवशी मुलांना, विशेषतः मुलींना, घरी ठेवू नका.