आधी टाउन हॉल, मग बाजार

कोल्हापूरला गेलं की अंबाबाईचं दर्शन, चपला, साज आणि परत. वीस वर्षं माझंही हेच. यंदा लेकीनं हट्टानं आधी टाउन हॉलच्या संग्रहालयात नेलं. ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू तिथं आहेत. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी काशाची मूर्ती!

"आई, समुद्राचा देव इथं कसा?" मला उत्तर येईना. मग कळलं, सातवाहनांच्या काळी आपला रोमशी व्यापार होता.

संध्याकाळी पंचगंगेच्या घाटाजवळ लेकीला मीच ती टेकडी दाखवली. इतकी वर्षं तिथून नुसतीच जात होते.

बायांनो, संग्रहालय शेवटच्या तासावर टाकू नका. पहिल्याच सकाळी पाहा. मग सगळं गाव बोलू लागतं.