शास्त्र्याच्या घरातला शाहीर

आपल्या सोलापूरच्या रामजोशींचा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणतं, ‘तमासगीर होते, पण विद्वान हो!’ हा ‘पण’ मला खटकतो.

त्यांचा जन्म १७६२च्या सुमाराचा. घर वेदशास्त्राचं, भाऊ मुद्गल जोशी पुराण सांगणारे. धोंडी शाहिराच्या फडातलं डफ-तुणतुणं वाजू लागलं की रामचं चित्त पोथीत ठरेना. तो फडावर जाऊन बसू लागला, मग धोंडीसाठी लावण्या रचू लागला. भावानं घराबाहेर काढलं. भावाचा राग मी समजू शकतो, पुराणिकाच्या घराची अब्रू गावाच्या तोंडी होती.

रामजोशी पंढरपूरला गेले, बाबा पाध्यांपाशी संस्कृत शिकले आणि कीर्तनाला उभे राहिले. बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या. समासांनी गच्च भरलेली आर्या डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं. चालीवर म्हणून, पद सोडवून सांगितली की अक्षरशत्रूही मान डोलावतो. कीर्तनात असं नाव झालं, आणि तरी रामजोशी पुन्हा तमाशाकडे वळले.

त्यांना ओळखण्यात चूक होते ती इथं. पंढरपूरची विद्या म्हणजे तमाशाचं प्रायश्चित्त, असं आपण धरून चालतो. प्रायश्चित्त असतं तर ती विद्या लावणीत उतरली कशी? त्यांनी एकाच लावणीत संस्कृत आणि मराठी शेजारी शेजारी नांदवली. अनुप्रासावर अनुप्रास येतात, तरी डफावरची लय ढळत नाही. नुसत्या शास्त्र्याला हे साधलं नसतं, आणि पाठांतराशिवाय नुसत्या फडकऱ्यालाही नाही. म्हणून त्यांची वैराग्याची पदं तेवढी वाखाणायची आणि शृंगार पोटात घालायचा, हा मला भावाच्या रागाचाच मवाळ प्रकार वाटतो.

रामजोशी १८१२च्या सुमारास गेले. १९४७मध्ये त्यांच्यावर ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट निघाला, जयराम शिलेदार त्यात रामजोशी झाले होते. पण ज्यानं या पोराला फडात बसू दिलं, त्याच्या लावण्या गायल्या, तो धोंडी रामजोशींच्या गोष्टीपुरताच उरला. ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला याचा बोभाटा झाला. तमाशा ज्यांनी आधीपासून जगवला होता, त्यांची चौकशी फारशी कुणी केली नाही. सोलापुरात रामजोशींवर पुढचं व्याख्यान होईल तेव्हा त्यातला काही वेळ धोंडीच्या फडाला द्यावा, एवढी माझी विनंती आहे.