मोटारसायकलीचा पहारेकरी

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोनारांची दुकाने मिटतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर खाद्यपदार्थांचा बाजार भरतो. जवळच्या गल्लीत मोटारसायकल उभी करून खवय्या त्या गर्दीत शिरला, म्हणजे गाडीवर लक्ष कोणी ठेवावयाचे? गजराचे यंत्र बसविण्याचा विचार येथूनच सुरू होतो.

या यंत्राची मुख्य अंगे तीन : धक्का ओळखणारा भाग, भोंगा आणि ते चालू-बंद करणारा रिमोट. निवड करताना भोंग्याच्या मोठेपणावर भुलू नये. धक्का ओळखण्याची तीव्रता कमीजास्त करता येते की नाही, हे आधी पाहावे. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांपुढील ढोलांनीही जो भोंगा ओरडू लागतो, त्याच्या हाकेला पुढे कोणीच ओ देत नाही.

दुसरी बाब बॅटरीची. जागे राहण्यासाठी यंत्रास सतत थोडी वीज लागते. 10 मिलिअँपिअर प्रवाह घेणारे यंत्र 3 अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी सुमारे 12 दिवसांत रिती करते. सुटीत गाडी घरी ठेवून पुण्यास जाणाऱ्याने हा हिशेब अवश्य करावा.

जोडणी करताना बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज घालावा. तारा तापणाऱ्या इंजिनापासून व वळणाऱ्या हँडलपासून दूर न्याव्यात. भोंगा सीटखाली, सहज हाती न लागेल व पाण्याने न भिजेल असा बसवावा.

मात्र भोंगा चोरास धरून ठेवीत नाही. तो केवळ हाक मारतो. म्हणून हँडलचे कुलूप आधी लावावे आणि गाडी माणसांच्या वावरात उभी करावी.