पहिलं सैन्य कोणतं घ्यावं?

टेबलावर छोट्या पुतळ्यांनिशी खेळायचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा युद्धखेळ इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८७ साली आणला. यात प्लास्टिकचे सुटे भाग कापून, चिकटवून, रंगवून आपलं सैन्य आपणच उभं करायचं. म्हणून निवड करताना आधी संख्या बघा. ‘कस्टोडीज’ या सैन्याचे सोनेरी योद्धे मोजकेच लागतात, ‘ऑर्क्स’ घेतलेत, तर हिरव्या कातडीचे गडी रंगवता रंगवता हात भरून येतील. ‘स्पेस मरीन्स’चं चिलखत रुंद आणि गुळगुळीत, नवख्या हाताला सोपं. कडांवर रंग पुसून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश फिरवला, की लगेच उठाव येतो. नियम मात्र बदलत राहतात. आजचं वरचढ सैन्य उद्या लंगडं पडतं. तेव्हा जे मनात भरेल तेच घ्या, आणि ‘कॉम्बॅट पट्रोल’सारख्या छोट्या संचापासून सुरुवात करा.