हातात पंच नाही म्हणजे काय?



मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतले एक मराठी गृहस्थ रात्री जेवणानंतर घरी आले. आम्ही बंगळूरला हलसूर तलावाच्या बाजूला राहतो. सोबत त्यांची तेरा वर्षांची मुलगी, चेहरा पडलेला. दीड वर्ष ती बॉक्सिंगच्या क्लासला जातेय. त्या दिवशी तिथल्या सरांनी सांगितलं होतं, "हिच्या हातात पंच नाही. पंच जन्मजात असतो, शिकवून येत नाही. बॅडमिंटनला घाला." वडील म्हणाले, "कर्नलसाहेब, तुम्ही फौजेत बॉक्सिंग केलंय. खरं काय ते सांगा, पुढची फी भरायची की नाही ते ठरवतो."

मला माझीच एक चूक आठवली.

मी तेव्हा कॅप्टन होतो. कंपन्यांच्या आपसातल्या स्पर्धेसाठी पोरं निवडायची होती. माझी पद्धत सोपी. प्रत्येकानं बॅगवर दहा ठोसे मारायचे, मी आवाज ऐकायचा. साताऱ्याकडचा एक शिडशिडीत जवान होता, त्याचा ठोसा म्हणजे ओल्या पोत्यावर थापट. मी नाव खोडलं. आमचे उस्ताद हरियाणाचे सुभेदार. ते हळूच म्हणाले, "साहब, हाथ मत देखिए, एड़ी देखिए."

पाहिलं, तर पोराचा मागचा पाय जमिनीला चिकटलेला. टाच हलतच नव्हती. सगळा ठोसा नुसत्या दंडातून येत होता. उस्तादांनी त्याला तीन आठवडे बॅगला हातच लावू दिला नाही. पायाखाली बिडी विझवतात तसा चवडा वळवायचा, बस. मग कंबर. मग खांदा. मूठ सैल ठेवायची आणि लागायच्या क्षणीच आवळायची. चार महिन्यांनी थापटीचा धप्प झाला. मी मोठ्या हौसेनं निवडलेल्या एका दांडगटाला त्यानं दुसऱ्या राउंडमध्ये खाली बसवलं. खोडलेलं नाव मला माझ्याच अक्षरात परत लिहावं लागलं होतं, ते बरं झालं.

उस्तादांना जे डोळ्यांनी दिसलं, ते मोजलंही गेलंय. १९८५ साली सोव्हिएत अभ्यासकांनी सरळ ठोशाच्या जोरात कशाचा किती वाटा ते तपासलं. अव्वल बॉक्सरांमध्ये पायाच्या रेट्याचा वाटा सुमारे ३८ टक्के निघाला. खालच्या दर्जाच्या बॉक्सरांमध्ये १७ च्या आसपास. त्यांचा हातच जास्त राबत होता. म्हणजे नवशिका हातानं मारतो आणि तयार गडी जमिनीवरून मारतो.

आता जन्मजात काहीच नसतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. झटक्यानं आकसणारे स्नायू कुणात जास्त असतात, कुणात कमी. हाताची लांबी, हाडाची ठेवण, हे आईबापाकडूनच येतं. सारख्याच वजनाची, सारखीच शिकलेली दोन पोरं असतात आणि एकाचा ठोसा हाडापर्यंत जातो. हे मी रिंगमध्ये स्वतः खाऊन पाहिलंय. पण ती मर्यादा कुठे आहे, हे दीड वर्षात कुणाला कळतं? अमेरिकेच्या टॉमी हर्न्सचं उदाहरण घ्या. हौशी बॉक्सिंगमध्ये त्यानं दीडशेच्या वर लढती जिंकल्या, त्यात नॉकआउट अगदी मोजके. १९७७ मध्ये तो व्यावसायिक झाला. डेट्रॉइटच्या क्रॉंक जिममध्ये इमॅन्युएल स्टीवर्डच्या हाताखाली पहिल्या सतराच्या सतरा लढती त्यानं नॉकआउटनं जिंकल्या. वयानं अंग भरलं, ग्लोव्हज बदलले, हे धरूनही बाकीचं शिकलेलंच म्हणायचं ना?

आणखी एक. ज्याला आपण जन्मजात म्हणतो, त्यातलं बरंचसं लहानपणी नकळत कमावलेलं असतं. आपले मुरलीकांत पेटकर, १९७२ ला हायडेलबर्गमध्ये पोहण्यात सुवर्ण मिळवणारे. ते आधी फौजेतले बॉक्सर, आणि त्याही आधी गावच्या तालमीतले. १९८२ च्या एशियाडचे हेवीवेट विजेते कौर सिंग पंजाबच्या शेतकरी घरातले, बॉक्सिंग शिकले ते फौजेत आल्यावर. कुदळ मारणारा, ढाक लावणारा पोरगा पहिल्याच दिवशी बॅग हलवतो. आपण म्हणतो, देवाची देणगी. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीनं कुदळ कधी धरली?

त्या रात्री मी सोफ्यावरची उशी धरली आणि म्हटलं, "मार." तिनं मारलं. टाच जमिनीला चिकटलेली. मला हसूच आलं. ती म्हणाली, "काका, हसताय का?" मग साताऱ्याच्या पोराची गोष्ट सांगितली.

वडिलांना दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या. हौशी बॉक्सिंगमध्ये नेमका, स्वच्छ लागलेला ठोसा मोजतात, समोरच्याला आडवं पाडणं सक्तीचं नाही. आणि जोर यावा म्हणून तेरा वर्षांच्या पोरीला जोरदार स्पॅरिंगला उभं करू नका. जोर बॅगवर येतो, डोक्यावर मार खाऊन येत नाही. तिथे मात्र मी आवाज चढवला.

फी भरली त्यांनी. ती रोज संध्याकाळी गच्चीवर चवडा वळवते, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन माझ्याकडे येतात.